धाकट्या मंत्र्यांचा शेरा

व्यापार खात्याला दोन मंत्री होते. थोरले निर्णय घ्यायचे आणि राज्यमंत्री, म्हणजे धाकटे, फिती कापायचे. दोन वर्षांत त्यांनी साबणाची, सायकलींची, गाद्यांची दुकानं उघडून दिली होती. एक दुकान तर दोनदा उघडलं, कारण पहिल्यांदा फोटो नीट आला नव्हता. खोली मात्र ऐसपैस होती. मेजावर तीन टेलिफोन होते. दोन बंद, आणि तिसरा वाजलाच तर पलीकडचा माणूस थोरल्यांना मागायचा.

फायली येत नव्हत्या असं नाही. पण निर्णय होऊन गेल्यावर, माहितीसाठी यायच्या. पहिल्याच आठवड्यात सचिवांनी कानमंत्र दिला होता, "साहेब, मंजूर लिहिलं की चौकशी लागते, नामंजूर लिहिलं की शत्रू होतात. आपण 'चर्चा करावी' लिहावं. या शेऱ्यानं आजवर कुणाचं वाकडं झालेलं नाही." धाकट्यांनी मंत्र घोटून पाठ केला. कागद दिसला की 'चर्चा करावी'. एकदा बायकोनं सामानाची यादी पुढे केली, तर तिच्यावरही तेच लिहिलं. त्या आठवड्यात घरात साखर आली नाही.

अशात थोरले आठ दिवस परदेश दौऱ्यावर गेले आणि खात्याचा कारभार पहिल्यांदाच धाकट्यांकडे आला. त्याच संध्याकाळी त्यांची ताई घरी आली. ताईचा बटणांचा कारखाना होता. कारखाना कसला, पत्र्याची शेड, भोकं पाडायची चार यंत्रं, बटणं घासायचं एक फिरतं पिंप आणि बत्तीस बायका.

"धाकट्या," ती दारातूनच म्हणाली, "नव्या व्यापार करारात बाहेरून येणाऱ्या बटणांवरचा कर उठवताहेत. तो उठला की आमचा बाजार उठला. शुक्रवारी पाचच्या आत तुमच्या खात्यानं लेखी हरकत घेतली नाही, तर करार आपोआप लागू होतो. फाईल तुझ्याकडेच येणार."

"तुला गं कसं माहीत?"

"तुझ्या खात्याचं राजपत्र वाचते मी. तू वाचत नाहीस?"

धाकटे ओशाळले. मग छाती पुढे काढून म्हणाले, "ताई, तू निर्धास्त राहा. भाऊ मंत्री आहे तुझा!"

आणि मनापासून म्हणाले, बरं का. आई गेल्यावर याच बाईनं बटणांना भोकं पाडपाडून त्यांना शिकवलं होतं. पहिल्या निवडणुकीत तिच्या बायका त्यांच्यासाठी चपला झिजवत दारोदार हिंडल्या होत्या. हे ते विसरले नव्हते.

शुक्रवारी चार वाजता फाईल आली. आत खात्याच्या तज्ज्ञांनी स्वच्छ लिहिलं होतं: छोटे कारखाने बुडतील, हरकत घ्यावी. म्हणजे ताट वाढलेलं, फक्त घास उचलायचा. धाकट्यांनी फोटोवाल्याला बोलावलं, केस विंचरले आणि पेनाचं टोपण काढलं.

"योग्यच आहे, साहेब," सचिव मागून म्हणाले. "फक्त थोरले साहेब आल्यावर विचारतील, कुणाला विचारून लिहिलंत म्हणून."

झालं! हाताची सवय म्हणा की मनातली भीती, पण फोटोवाल्याचा दिवा लखलखला तेव्हा कागदावर ठसठशीत अक्षरांत उमटलं होतं: चर्चा करावी.

"अरे देवा! खोडता येईल का हो?"

"मंत्र्यांच्या शेऱ्यावर खाडाखोड चालत नाही," सचिव म्हणाले. "खाली नवा शेरा मात्र लिहिता येतो."

पाचला वीस मिनिटं कमी होती. धाकट्यांनी पेन उचललं. थोरल्यांचा चेहरा आठवला, खाली ठेवलं. ताईचा आठवला, पुन्हा उचललं. असं उचलता-ठेवता पाच वाजले.

सोमवारी चर्चा झाली आणि फार छान झाली. हरकत घ्यायला हवी होती, यावर सगळ्यांचं एकमत झालं. दौऱ्याहून आलेल्या थोरल्यांनी धाकट्यांची पाठ थोपटली. "घाई केली नाहीत, हे बरं केलंत," ते म्हणाले.

ताईनं फोन केला नाही. भांडली असती तर बरं, असं धाकट्यांना रोज वाटायचं. तीन महिन्यांनी ती कार्यालयात आली, तीही भेटायला येणाऱ्यांच्या रांगेत बसून. तिनं एक अर्ज मेजावर ठेवला. कारखाना बंद करायची परवानगी हवी होती. पन्नासपेक्षा कमी माणसांचा कारखाना बंद करायला परवानगी देणं, हा अख्ख्या खात्यातला एकच अधिकार धाकट्यांचा स्वतःचा होता. दोन वर्षांत त्यांना कुणी हे सांगितलंच नव्हतं.

"ताई, थांब जरा. काहीतरी मार्ग काढू. बसून बोलू आपण."

"आता बोलायचं काय राहिलंय? हा कागद हातात असल्याशिवाय माझ्या बायकांना दुसरीकडे कोणी कामावर घेत नाही. बाहेर उभ्या आहेत सगळ्या. लिही."

धाकट्यांनी सचिवांकडे पाहिलं. सचिव खिडकीबाहेर बघत होते. या कागदासाठी कुणालाच विचारायचं नव्हतं. धाकट्यांनी 'मंजूर' लिहिलं आणि खाली सही केली. डोळे भरून आले होते, पण अक्षर जराही हललं नाही.

शाई वाळेपर्यंत ताई कागदाकडे बघत राहिली.

"येतं की रे तुला लिहिता," ती म्हणाली, आणि कागद घेऊन बायकांकडे गेली.