बदलीमास्तर

चौघांच्या कमरेला एकच लांब दोर बांधून मास्तरांनी शिट्टी फुंकली. बचावफळीतले चौघे एकदम डावीकडे सरकले. उजव्या टोकाचा चेंडूकडे बघत राहिला, उशिरा निघाला आणि दोराच्या हिसक्यानं तोंडावर पडता पडता वाचला.

"चेंडूवर प्रेम जडलंय का तुझं?" मास्तर म्हणाले. "आधी शेजारी कुठाय ते बघ. तो सरकला की तूही सरकायचं."

"मास्तर, सामन्यातही दोर बांधणार का?"

"परवानगी मिळाली असती तर तुला एकट्याला बांधला असता. गोलच्या खांबाला."

सगळे खो खो हसले. तेवढ्यात मैदान राखणारा काका कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

"मास्तर, अध्यक्षांनी ऑफिसात बोलावलंय. लगेच या म्हणाले."

मास्तरांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली. हे बोलावणं त्यांना नवं नव्हतं. खेळण्याच्या दिवसांत एका क्लबात त्यांचे दोन हंगाम धड गेले नव्हते. कुणाचा पाय मोडला की यांना बोलावणं यायचं, आणि तो पाय बरा झाला की यांना निरोप मिळायचा. मैदानावर उतरायचे तेही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जागी. म्हणून सोबत्यांनी नाव ठेवलं, बदली. पुढे गुडघ्यांनी राम राम ठोकला, ते प्रशिक्षक झाले, आणि नावाला मास्तर जोडलं गेलं.

या क्लबात ते बचाव शिकवायला आले आणि नवल म्हणजे टिकले. मुलगी इथल्या शाळेत पहिल्या इयत्तेपासून होती, आता शाळा संपत आली होती. पण यंदा हंगामाच्या ऐन मध्यावर मुख्य प्रशिक्षक राजीनामा देऊन निघून गेले आणि सगळा संघ मास्तरांच्या गळ्यात पडला. 'हंगाम संपेपर्यंत ओढा कसंतरी,' असं अध्यक्ष म्हणाले होते. मास्तरांनी ओढलं. गेल्या रविवारी शेवटच्या सामन्यात एकही गोल होऊ न देता बरोबरी साधली आणि खालच्या श्रेणीत घसरता घसरता क्लब वाचला. खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते, तेव्हा मास्तर बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. आनंद करायला अंगात त्राणच उरलं नव्हतं.

आता हंगाम संपला होता, नुसता सराव चालू होता, आणि अध्यक्षांनी बोलावलं होतं.

अध्यक्षांचा फरशांचा कारखाना होता. ऑफिसात भिंतीला टेकवून फरशांचे नमुने ठेवलेले असत. मास्तर आत आले तसे ते खुर्चीतून अर्धे उठले.

"या, या. बसा. चहा घेणार ना?"

चहा विचारला म्हणजे प्रकरण गंभीर, हे मास्तरांना अनुभवानं ठाऊक होतं.

"मास्तर, तुमच्यासारखा माणूस मिळणं कठीण," अध्यक्ष म्हणाले.

मास्तरांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. प्रत्येक निरोपाची सुरुवात याच वाक्यानं झाली होती.

"म्हणून म्हटलं, आधी तुम्हालाच विचारावं. मुख्य प्रशिक्षक व्हा. तात्पुरते नाही, कायमचे."

खरं तर मास्तरांनी उडीच मारायला हवी होती. पण त्यांची नजर गेली ती समोरच्या कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीकडे. थोड्याच दिवसांपूर्वी तिच्यावर त्यांचा म्हातारा गोलकीपर बसला होता. पुढच्या वर्षी तुला घेणार नाही, हे त्याला मास्तरांनीच सांगितलं होतं. सांगताना तोंडून निघालं, 'तुझ्यासारखा माणूस मिळणं कठीण.' गोलकीपर हातमोजे चुरगाळत 'बरं मास्तर' म्हणाला आणि उठला होता. त्यानंतर मास्तरांना जेवण गेलं नव्हतं. जेवताना मुलगी काही सांगू लागली की यांचं लक्षच नसायचं. हल्ली तिनं सांगणंच सोडलं होतं.

"आणि बचावफळी कोण बघणार?" त्यांनी विचारलं.

"त्याला काय, मिळेल कुणीतरी."

"मग ते कुणीतरी मलाच राहू द्या."

"म्हणजे? नको म्हणता?"

"नको. माझं काम मला जमतं. हे दुसरं जमतं, पण सोसत नाही."

बोलून झाल्यावर त्यांनी कंबर कसली. आता आग्रह होणार, क्लबची शपथ घातली जाणार, याची त्यांनी तयारी ठेवली. अध्यक्षांनी मात्र असा सुस्कारा सोडला की टेबलावरचा कागद हलला.

"स्पष्ट बोललात, बरं झालं," ते म्हणाले आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "पूर्वीचंच काम, पूर्वीसारखंच. ठरलं."

निघताना दोघांनी हात मिळवले. अध्यक्षांचा तळवा घामानं ओला होता.

मास्तर रस्त्यावर आले आणि त्यांना आपली पावलं हलकी वाटली. छातीवर कुणीतरी बसलं होतं, ते उठून गेलं होतं. कितीतरी दिवसांनी भूक लागली. एवढीशी कुरकुर मनात होती, ती एकाच गोष्टीची: माणसानं निदान एकदा तरी आग्रह करावा की नाही?

घरी आले तर बायको पलंगाच्या कडेला बसलेली. दवाखान्यातली रक्त तपासणीची पाळी संपवून आली असावी, पांढरा कोट अजून अंगावरच होता. माळ्यावरच्या मोठ्या बॅगा जमिनीवर उघड्या पडल्या होत्या.

"या कशाला काढल्यास?"

"धूळ झटकत होते," ती म्हणाली. "काय म्हणाले अध्यक्ष?"

"मुख्य प्रशिक्षक व्हा म्हणाले. मी नाही म्हटलं." तिच्या चेहऱ्यावरचं काही कळेना, म्हणून ते भराभर बोलत सुटले. "ऐकायलाच तयार नाहीत! हात धरून बसले. मी म्हटलं, मला बचावफळी पुरे. शेवटी कसेबसे कबूल झाले. तुला राग तर नाही ना आला?"

"म्हणजे आपण इथेच?"

"इथेच. जाणार कुठे?"

कोटाच्या बाहीनं तिनं चेहरा पुसला, मग पुन्हा पुसला आणि एकाएकी हसू लागली. बाहेरच्या खोलीतून मुलगी ओरडली, "काय झालं गं?"

"काही नाही! बाबा आलाय, पानं घे!"

मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "सकाळी अध्यक्षांच्या बायकोचा फोन आला होता. नव्या मुख्य प्रशिक्षकांसाठी घर बघतायत म्हणे. पुढच्या आठवड्यात येतोय तो, बायकोमुलांना घेऊन. मला वाटलं, आटोपलं आपलं इथलं."

मास्तर उभे होते ते बॅगेशेजारी खाली बसले.

"सकाळी?"

"सकाळी."

बराच वेळ त्यांनी बॅगेची चेन नुसती पुढेमागे केली. मग त्यांच्या खांद्यांना हसू फुटलं.

"मागच्या गल्लीतलं वरच्या मजल्याचं घर सुचव त्यांना," ते म्हणाले. "ओल नाही तिथे. आणि शाळा जवळ पडेल पोरांना."

"सुचवते." ती उठली, दारापाशी थांबली. "आग्रह फार केला म्हणालास ना रे त्यांनी?"

"फार," मास्तर म्हणाले आणि हात धुवायला गेले.