एका झटक्यात लुगडं

अंबूबाई मासिकाचे छापील फॉर्म दुमडता दुमडता इतकी हसली की तिच्या मांडीवरची चळत घसरली.

तसं कर्जतच्या भिसेगावातल्या त्या छापखान्यात हसण्यासारखं काही नव्हतं. आबाजी तिथं पिवळ्या वेष्टनातलं एक मासिक छापत. लग्नपत्रिकांवर पोट भरत नाही म्हणून सुरू केलेलं, आणि गावात नाव घ्यायचं नाही असलं. त्यात दर महिन्याला 'एका गृहिणीची कबुली' असे. ही गृहिणी म्हणजे खुद्द आबाजी, मिशीसकट. आता मुंबईच्या एजंटानं दोन महिन्यांचे गठ्ठे परत पाठवले होते. सोबत चिठ्ठी होती, "हे कुणा पुरुषाचं लिहिणं आहे, वाचक फसत नाहीत. पुढचा अंकही असाच निघाला तर माल पाठवू नका." म्हणजे छापखान्याला कुलूप, आणि अंबूबाई पुन्हा दुसऱ्याच्या शेतात लावणीला. तिला ते नको होतं. अक्षरांजवळ बसायला तिला आवडायचं.

"काय झालं गं दात काढायला?" आबाजींनी खुर्चीवरून विचारलं.

"हितं लिवलंय, यका झटक्यात लुगडं गळून पडलं. आबाजी, नऊवारी हाय ती! कासोटा मारलेला. झटका दिलात तर बाई पडंल, लुगडं नाय पडायचं."

म्हातारा जुळारी चांगो शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता खोकल्याच्या आडून हसला. आबाजींचा चेहरा उतरला.

"मग लिही की तूच, एवढी शहाणी आहेस तर!"

"लिवते. पण यक अट. काना-मात्रा सुदरा, बाकी सबूद हलवायचा नाय. आनी ह्यो अंक परत आला नाय, तर त्या खुर्चीवर मी बसनार. घड्या तुमी घालायच्या."

चौथी पास बाईची ही मिजास! आबाजी चिडून "बरं" म्हणाले, आणि तिथंच फसले.

दोन दुपारी खपून तिनं लिहून आणलं. मोहोपाड्याच्या औषधांच्या कारखान्यातून नवरा पाळी संपवून येतो. कासोट्याशी झटापट करतो, गाठ आणखीच आवळते. ती म्हणते, आधी हात धुऊन या, औषधाचा वास येतोय. तो हात धुऊन येतो, पुन्हा हरतो, आणि दोघं पोट धरधरून हसतात. मग कासोटा ती आपल्या हातानं सोडते. शेवटी एवढंच होतं, 'दिवा मी विझवला नाही. त्यांचं हसणं मला बघायचं होतं.'

"हसणं काढ," आबाजी म्हणाले. "हसल्यावर शृंगार मरतो."

"अट," अंबूबाई म्हणाली.

चांगोनं ते पान जुळवलं, आणि त्या संध्याकाळी तो म्हातारा बायकोसाठी भजी बांधून घेऊन लवकर घरी गेला.

अंक परत आला नाही. उलट एजंटाचा माणूस स्वतः येऊन उरलासुरला गठ्ठाही घेऊन गेला. मग पत्रं यायला लागली, आणि त्यांत बायकांची पत्रं! खालापूरच्या एकीनं लिहिलं होतं, 'ताई, इतक्या दिवसांत हे एकच खरं वाटलं. आमच्याकडेही असंच हसतात.' अंबूबाईनं ते पत्र तीनदा वाचलं. आपलं लिहिलेलं कुणाच्या तरी घरात जाऊन बसलं होतं.

आबाजींनी हळूच विचारलं, "अंबूबाई, तुझे यजमान मोहोपाड्याला असतात होय? कधी बोलली नाहीस."

"लगीन झाल्यावर वरसाच्या आत टाकून गेला तो. हसताना तर येकदा बी पायला नाय."

चांगोच्या हातातला खिळा हातातच राहिला.

"मग हे सगळं... खोटं?"

"तुमी लिवलंत ते खोटं," ती म्हणाली. "माजं नाय. मला काय हवं व्हतं ते मला पाठ हाय, आबाजी. बारा वरसं रोज मनात लिवत व्हते."

आबाजी उठले. खुर्ची त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसली आणि स्वतः तिच्या घड्या घालायच्या सतरंजीवर जाऊन बसले.

अंबूबाई खुर्चीत टेकली. पाय जमिनीला पोचेनात, म्हणून तिनं खाली परत आलेल्या जुन्या अंकांचा गठ्ठा घेतला. कागद पुढे ओढला, टाक शाईत बुडवला, आणि खाली बघून म्हणाली,

"कोपऱ्याला कोपरा लावून दुमडा, आबाजी. वाकडी घडी चालायची नाय."