पिकलेला सूर

मित्रांनो, मी एक जुना तेमिर कोमुझ आहे, तुमच्या मोरचंगाचा लांबचा भाऊ. डोंगरातल्या नारिन गावच्या एका लोहाराने मला विळ्याच्या मोडक्या पात्यातून घडवलं. मला स्वतःचा आवाज नाही. दातांशी धरून माझी पाती छेडली की वाजवणाऱ्याचं तोंड घुमतं. तेच माझं घर.

तीस वर्षं ते घर बुरुलकानचं होतं. लग्नकार्यात ती मला वाजवी आणि राकट मेंढपाळ डोळे पुसत. मग एके वर्षी तिच्या टाळूला मसुरीएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून तिला पत्ताच नव्हता. मला होता, कारण सूर तिथे अडखळत होता.

दोन वर्षांनी जिभेला लागली, तेव्हा ती नवऱ्याला, साबिरला म्हणाली, "अहो, टाळूला टेंगूळ आलंय."

"उकळता चहा ढोसतेस, मग फोड येणार नाही तर काय? पिकेल आणि फुटेल!"

गाठ काही पिकली नाही. सूर मात्र जड, घोगरा झाला. एका लग्नात म्हातारे एसेनकुलबाबा मांडी थोपटत म्हणाले, "वा, पोरी! आता कुठे तुझा सूर पिकला!" मांडव टाळ्यांनी दणाणला. बुरुलकान लाजली, आणि त्यानंतर तिने गाठीचं नाव काढलं नाही. सात वर्षं मी ओरडून सांगत होतो. पण माझं ओरडणं म्हणजे लोकांच्या लेखी संगीतच!

शेवटी घास गिळताना रक्त आलं. राजधानीतल्या, बिश्केकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लाळेच्या बारीक ग्रंथीचा कर्करोग आहे. दुर्मीळ, पण संथ. गाठ मसुरीएवढी असताना तुम्ही आला असतात, तर चार टाके घालून घरी पाठवलं असतं."

शस्त्रक्रियेत अर्धी टाळू गेली. घरी आल्यावर तिने मला दातांशी धरलं. हवा नाकावाटे निघून गेली आणि मी नुसता टकटक वाजलो.

"जाऊ दे गं, जीव वाचला ना?" साबिर म्हणाला.

ती काहीतरी बोलली. तिचं बोलणं आता कुणाला नीट कळत नाही.

"काय म्हणालीस?"

तिने पुन्हा सांगितलं नाही. मी ओठांशीच होतो, मला कळलं. ती म्हणाली होती, "एकदा तरी तोंडात बघायचं होतंत."

आता मी डबीत गंजतो आहे. पाहुणे आले की साबिर डबी उघडून सांगतो, "काय सूर पिकला होता हो तिचा!" माझ्या गंजाचं सोडा, मित्रांनो. पण दुखत नाही म्हणून आरसा टाळू नका. आणि आपल्या माणसाचा सूर बदलला, तर टाळ्या पिटण्याआधी एवढंच म्हणा, "आ कर बघू."