हेही पाहा

लाउमाता दुपारी तीनला आली तेव्हा माझे पाय सुजले होते आणि पंख्याने मान टाकली होती. आपिया शहरातल्या या वाचनालयात सव्वीस वर्षं काढली. आता कुणी "ताई, जरा..." म्हटलं तरी नको वाटतं.

लाउमाता सवाई बेटावरच्या शाळेत शिकवते. शिक्षकांच्या परीक्षेसाठी सेफो इओआनेच्या कादंबरीवर तिला निबंध लिहायचा होता, आणि त्या कादंबरीविषयी इतरांनी लिहिलेल्या किमान दोन लेखांचा आधार द्यायचा होता. शुक्रवारी निबंध दिला नाही तर ती तिसऱ्यांदा नापास होणार, आणि मग नोकरी गेलीच म्हणायची.

"त्याच्यावर कुणी काही लिहिलेलं नाही," मी न उठताच म्हटलं.

"बघितलंत तरी का, ताई?"

"पुस्तकसूचीची कार्डं मीच लिहिलीत. सेफोच्या कार्डावर एक कादंबरी, बाकी शून्य. दुसरं पुस्तक घे."

"एवढ्या लांबून बोटीने ओकत ओकत आले मी. नुसतं 'नाही' ऐकायला?"

ती बाकावर बसली. पिशवीतून उकडलेला अळूचा कंद काढून अर्धा माझ्यापुढे धरला. इथे खायला बंदी आहे. मी खाल्ला.

"मग फुआतोगामामांनाच विचारते," ती पुटपुटली. "आईचे मावसभाऊ ते. पण लेखकाचं स्वतःचं मत चालत नाही म्हणे."

फुआतोगा! सेफोला घराण्याच्या प्रमुखाचं 'फुआतोगा' हे पद मिळालं, त्या दिवसापासून त्याचं नावही तेच झालं. त्या समारंभात मी डुक्कर आडवा हात मारून खाल्लं होतं. रस्त्यात भेटला की मी त्याला फुआतोगाच म्हणते, सेफो म्हटलं तर त्याचा अपमान होईल.

उठले. फुआतोगाच्या नावाचा खण ओढला. पद मिळाल्यानंतर त्याच्या कादंबरीवर आलेल्या लेखांची तीन कार्डं तिथे होती, माझ्याच अक्षरातली. सेफोच्या कार्डाखाली एक ओळ हवी होती: हेही पाहा, फुआतोगा. ती मी कधी लिहिलीच नव्हती.

"तीन!" लाउमाता ओरडली. "अहो ताई, काखेत कळसा नि गावाला वळसा!"

मला हसू येईना. गेल्या वर्षी माझा भाचा पेनिआमिना याच निबंधासाठी याच बाकावर बसला होता. दोनदा आला. दोन्ही वेळा मी न उठता 'काही नाही' म्हटलं. पोरगा शिक्षण सोडून न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेला. बहीण रडली तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, आळशी आहे तुझा लेक, शोधायला नको त्याला.

लाउमाता लेख उतरवत बसली. मी सेफोच्या कार्डावर ती ओळ लिहिली. फार लाज वाटली. मग बहिणीला फोन लावला.

"पेनी आळशी नव्हता गं," मी म्हटलं. "आळशी मी होते."