हार्वर्डची पूजा

विमानाला इंधन लागतं, वारा लागतो, परवानगी लागते. कोल्हापुरात त्याला प्रमुख पाहुणेही लागतात, आणि ते अजून आले नव्हते.

धैर्यशील पिवळ्या हार्वर्ड विमानाच्या पंखाखाली येरझाऱ्या घालत होता आणि दर फेरीला घड्याळाकडं बघून दात खात होता. तो हवाई दलातून निवृत्त झालेला वैमानिक, वय पासष्टीला टेकलेलं. विमान त्याच्याहून थोरलं. दुसऱ्या महायुद्धात पोरांना उडायला शिकवण्यासाठी बांधलेलं हे धूड पुढं कुठल्याशा भंगारवाल्याच्या आवारात कोंबड्यांचं खुराडं होऊन बसलं होतं. ते धैर्यशीलनं आणि दानेश्वरीनं मिळून उभं केलं. दानेश्वरी निपाणीकडची, परवानाधारक विमान इंजिनिअर, मोजकं बोलणारी. एका वॉशरसाठी महिनोन् महिने परदेशाकडं डोळे लावून बसायचं, तो आला की चुकीच्या मापाचा निघायचा, मग पुन्हा पत्रापत्री. या विमानानं दोघांना उडवलं कमी आणि रडवलंच जास्त.

आणि एवढं करून आजचं उड्डाण शेवटचं होतं. विमानाचे मालक उदयसिंह, पन्हाळ्याच्या रस्त्यावर त्यांचं मोठं रिसॉर्ट. मागच्या आठवड्यात त्यांनी चहा पिता पिता सांगून टाकलं, "हवाई सोहळा झाला की गाडी गेटासमोर खांबावर चढवायची. लांबनं दिसती, फोटोला पब्लिक येतंय. क्रेन सांगून ठेवलिया."

"खांबावर चढवायला आम्ही इंजिन उघडलं होतं का?" धैर्यशीलनं विचारलं होतं.

"आता तुमी बी किती दिवस उडवनार सायेब?" उदयसिंह हसत म्हणाले. मालकाचं हसणं म्हणजे हुकूमच. बोलणं तिथंच संपलं.

राहून राहून धैर्यशीलला एकच सल होता. त्याच्या आईनं, बयाबाईनं, त्याला कधी उडताना बघितलं नव्हतं. तो हवाई दलात भरती झाला तेव्हा ती रुसून माळ्यावर जाऊन बसली होती. "भुईवर काय कमी हुतं तुला?" एवढंच म्हणाली आणि पुढं जन्मभर तेच म्हणत राहिली. गारगोटीजवळच्या शेतावरून विमान गेलं की ती भांगलणीचं खुरपं टाकून घरात जायची. पदकं मिळाली, संचलनं झाली, प्रत्येक वेळी त्यानं बोलावलं आणि प्रत्येक वेळी म्हशीला, नाहीतर पावण्याला, नाहीतर सांध्यांना पुढं करून तिनं टाळलं. या वेळी शेवटचं आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "शेवटचंच हाय तर येतो म्हनं मी."

आणि खरंच आली होती. मांडवात पहिल्या रांगेत, मांडीवर कापडी पिशवी घेऊन, इरकली लुगड्याचा पदर कानांवरून घट्ट ओढून बसली होती. आज आईला दाखवायचं. धैर्यशीलला बाकी कशाचीच पर्वा नव्हती, मालकाचीसुद्धा.

विमानतळानं त्यांना दोन प्रवासी विमानांच्या मधला थोडका वेळ दिला होता. तोही पाहुण्यांच्या वाटेकडं बघण्यात निम्मा जळून गेला. धैर्यशीलनं विमानाभोवती फेरी मारून सगळं तपासलं होतं. उजव्या पंखाच्या टोकाशी पुढं आलेली बोटाएवढी नळी असते. तिच्यात वारा शिरतो, आणि विमान किती वेगात आहे ते आतल्या काट्यावर दिसतं. तिच्यावरची लाल फितीची टोपी त्यानं स्वतः काढून खिशात घातली होती. आता कुणी विमानाला बोट लावायचं नाही, हा त्याचा नियम. दानेश्वरीला त्यानंच तो पढवला होता.

अखेर गाड्यांचा ताफा आला. पाहुणे उतरले आणि उदयसिंहांनी हाळी दिली, "आदी पूजा! पूजेबिगर गाडी हालायची न्हाई!"

"अहो, वेळ संपत आलाय!"

"सायेब, खंडेनवमीला आमी पान्या-पकडीची बी पूजा करतो. हे तर इमान हाय."

विमानाभोवतीची दोरी सोडली गेली आणि माणसांचा लोंढा आत घुसला. भटजी, ताटं, हार, चाकांखाली लिंबं. कुणी पंखाला टेकून सेल्फी काढतंय, कुणी पंख्याच्या पात्याला हळदीची बोटं लावतंय. धैर्यशीलच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तेवढ्यात त्याला आई दिसली. पिशवी घेऊन, बायकांच्या मागोमाग, ती उजव्या पंखापाशी गेली आणि तिनं विमानाला हात लावला. जन्मात पहिल्यांदा. त्याचा राग एकदम निवला. तिच्याकडं जावं म्हणून तो निघाला, तोच पाहुण्यांनी फोटोसाठी त्याचा दंड धरला, आणि मग भाषण सुरू झालं. ते काही संपता संपेना.

भाषण संपलं तेव्हा दानेश्वरी म्हणाली, "सर, परत एक फेरी मारते. एवढ्या लोकांचे हात लागलेत."

"वेळ आहे का?" तो खेकसला. "विमानतळाचा मनोरा बोंबलतोय तिकडं. बाजूला व्हा!"

ती डाव्या पंखापर्यंत पोचली होती. तिथनंच मागं फिरली.

इंजिन खोकलं आणि निळा धूर ओकत गरजलं. मांडवातली पोरं ओरडली, हलगी कडाडली. हार्वर्ड धावपट्टीवर आलं आणि सुटलं. पाठीला धक्का बसला, शेपूट उचललं गेलं, आणि धैर्यशीलनं वेगाच्या काट्याकडं बघितलं. काटा शून्यावर होता. त्यानं काचेवर टिचकी मारली. शून्य. विमान वाऱ्यासारखं पळत होतं, चाकं हलकी व्हायला लागली होती, दांडा जरा मागं घेतला असता तर ते अलगद वर गेलं असतं. पण वेग न कळता उडायचं आणि तसंच उतरायचं म्हणजे डोळे बांधून घाट उतरायचा. खाली हजारो माणसं होती. खाली आई होती.

त्यानं शिवी हासडली आणि इंजिनाचा जोर तोडला.

ब्रेक किंचाळले, विमान वेडंवाकडं होत थांबलं. लोकांना वाटलं हाही खेळच. शिट्ट्या पडल्या. "पुन्हा एकदा जातो," त्यानं रेडिओवर सांगितलं. मनोऱ्यानं शांतपणे उत्तर दिलं, प्रवासी विमान जवळ आलंय, धावपट्टी मोकळी करा, आता आज जमणार नाही.

त्यानं विमान धावपट्टीबाहेर मांडवाजवळ आणलं आणि उतरताच वेगाचा काटा बंद असल्याचं सांगितलं. दानेश्वरी धावत आली आणि थेट उजव्या पंखाशी गेली. नळीत तार घालून तिनं काहीतरी उकरून काढलं आणि तळहातावर धरलं. केळ्याचा काळवंडलेला गोळा, आणि त्यात मोडलेली उदबत्तीची काडी.

"कुणाचा हा उद्योग?" धैर्यशील ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. भटजींनी कानावर हात ठेवले, त्यांची उदबत्ती ताटातच होती. उदयसिंह आले, खुशीत. "पळाली की जोरात! आवाज काय, धूर काय! आता हितनं सरळ ट्रकवर."

त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. तो गोळा मुठीत घेऊन धैर्यशील मांडवाकडं चालू लागला. ज्यानं हे केलं त्याला सगळ्यांदेखत सोलायचा, मग पाहुण्यांना, मग मालकाला. आणि दानेश्वरीला फेरी मारू न देणाऱ्याला काय करायचं, हे मात्र त्याला सुचत नव्हतं.

बयाबाई खुर्चीत हात जोडून बसली होती. डोळे गच्च मिटलेले.

"आई."

तिनं एक डोळा किलकिला केला, मग दुसरा. "आलास खाली? सुकरूप उतरलास न्हवं?"

तो आणखी जवळ गेला.

"इंजान वराडलं तसं डोळं झाकलं रं, ते आत्ता उघडतोय. न्हाई जमलं बघायला. लई प्रयत्न केला." तिनं त्याच्या दंडावरून हात फिरवला. "पर त्यवढं काम चोख केलंया. त्या पंखाला उदबत्तीची नळी हाय की तुज्या. काडी हालत हुती, म्हनून केळाची फोड घट बसवली आत. देवाचं नाव घिऊन लावली. आनलंन् की न्हाई देवानं खाली?"

धैर्यशीलच्या तोंडात शब्द तयार होते. मघापासून, खरं तर चाळीस वर्षांपासून तयार होते. मुठीतला गोळा बोटांतून बाहेर यायला लागला होता.

"आता परत न्हाई न्हवं जायाचं वर?" तिनं विचारलं.

धावपट्टीवर प्रवासी विमान उतरलं. लोक तिकडं बघायला लागले. हार्वर्डला दोर बांधून मागं ओढत नेत होते.

"न्हाई," तो म्हणाला.

"मग ब्येस झालं." तिनं पिशवीत हात घातला आणि उरलेलं अर्धं केळं त्याच्यापुढं धरलं. "खा. सकाळधरनं उपाशी हाईस."

त्यानं मूठ पाठीमागं लपवली, दुसऱ्या हातानं केळं घेतलं, आणि तिच्यासमोर उभं राहून सगळं खाल्लं.