टाच मंडळ

विमलबाई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, आता पोटभर झोपू. पण पहाटेची जाग काही सुटेना आणि उठून करायचं काय, तेही सुचेना. मुलगा नितीन शिर्डीतल्या एका हॉटेलात मॅनेजर, सून यशोधरा शाळेत शिकवायला. दोघंही सकाळीच बाहेर पडायची. मग राहात्यातल्या त्या घरात विमलबाई, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर आणि करकरणारा पंखा एवढेच उरायचे. घासलेली भांडी त्या पुन्हा घासायला घ्यायच्या.

एका शनिवारी दुपारी सुनेच्या साडीला फॉल आणायला म्हणून त्या विजयमालाच्या मॅचिंग सेंटरमध्ये गेल्या. काउंटरवर कुणीच नव्हतं. आतल्या पडद्यामागे मात्र बाया अशा हसत होत्या, की कुणाचं तरी लग्न मोडलं किंवा ठरलं असावं.

"कोन हाय?" आतून आवाज आला. "फॉल व्हय? तुमीच काढून घ्या. न्हाईतर आत या. मला उठता येत न्हाई, सगळे टाके सुटतील."

विमलबाई आत गेल्या. सतरंजीवर पाच-सहा बायका बसल्या होत्या. मध्ये भुईमुगाच्या शेंगांची परात, भोवती लोकरीचे गुंडे, आणि प्रत्येकीच्या हातात चार-चार सुयांच्या काट्यात अडकलेला एकेक मोजा. दुकानवाली विजयमाला अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून. तिनं सरकून जागा केली.

"विनता येतं का, बाई?"

"टोप्या येतात. अंगणवाडीतल्या पोरांना विणायचे मी. मोजे नाही जमत. टाच कुठं येते जमायला!"

त्यावर सगळ्या पुन्हा हसल्या. का हसल्या ते धनश्रीनं सांगितलं. धनश्री ही शेवगावकडची पोर, राहात्याच्या एका वस्तीवर, पेरूवाल्यांच्या घरात दिलेली. "मावशी, आमचं नावच टाच मंडळ हाय. विजयमालाताईंच्या मालकांनी ठेवलंय. आबासाहेब महसुलात हुते ना. म्हनतात, जन्मभर मी लोकांच्या मालावर टाच आणली, आता माझ्याच घरावर आली."

मंडळाची रीत सोपी होती. दर महिन्याला एकीनं विषय द्यायचा, शाळेत निबंधाला देतात तसा. प्रत्येकीनं आपल्याला सुचेल तसा त्या विषयाचा मोजा विणायचा, एकमेकींना दाखवायचा नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांनी पिशवीतून मोजे काढायचे आणि बाकीच्यांनी ओळखायचं, हिनं काय विणलंय. एकदा विषय होता 'शेजारीण', तेव्हा विजयमालानं मोज्याला मोठा लाल कान लावला होता म्हणे. 'नापास' हा विषय होता तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या रोहिणीचा मोजा खरोखरच अंगठ्यापाशी फाटलेला निघाला आणि तिनं तो मुद्दाम तसा केला की चुकून झाला, यावर अजून वाद चालू होता.

"पण राहात्यात लोकरीचे मोजे घालतं कोण?" विमलबाईंनी विचारलं. "थंडी महिना-दीड महिन्याची."

"घालायला कुठं विनतोय?" विजयमाला म्हणाली.

फॉल तिथंच विसरून विमलबाई संध्याकाळी घरी आल्या.

पुढच्या शनिवारपासून त्याही मंडळात बसू लागल्या, टाच वळवायला शिकल्या. त्यांच्या वाट्याला पहिला विषय आला तो 'माहेर'. शेवटच्या शनिवारी पिशव्या उघडल्या. विजयमालाच्या मोज्यावर विहीर होती. धनश्रीचा मोजा सगळा मातकट, फक्त घोट्याशी एक बारीक हिरवी रेघ. "आमच्याकडं एवढंच हिरवं असतं," ती म्हणाली, आणि शेवगावच्या उन्हाची नक्कल करत पदरानं वारा घेऊ लागली. मग विमलबाईंची पाळी आली. त्यांचा मोजा फिकट पिवळा होता, त्यात कुठं कुठं काळे टाके.

"लिंबू?" रोहिणीनं विचारलं. "फुटलेली पिवळी भिंत?"

"पाचट," विमलबाई म्हणाल्या. "माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की आम्ही गाडीत. दर साली वेगळं शिवार, पण राहायला कोपी मात्र उसाच्या वाळल्या पाचटाचीच. मी तान्ह्या भावाला घेऊन दारात बसायचे. माहेर म्हटलं की मला गाव आठवतच नाही, कोपी आठवते."

विमलबाईंना वाटलं, उगाच बोललो आपण. मग धनश्रीनं मोजा हातात घेऊन उलटा केला. "कोपी लई झ्याक झालीय मावशी, पन आतनं गाठी केवढ्या! तुमचा भाऊ टोचून रडला असंल की." आणि विमलबाईंना असं हसू आलं की डोळे पुसावे लागले. कोपीबद्दल बोलताना आपण कधी हसलो होतो, हे त्यांना आठवेना.

तरीही दर शनिवारी घरातून निघताना त्यांना चोरटं वाटायचं. यशोधरा शाळेतून दमून येणार, आणि आपण शेंगा खात मोजे विणत बसणार. त्या निघायच्या आधी दोनदा स्वयंपाकघर पुसायच्या, कुणी विचारलंच तर सांगायला काहीतरी काम काढून ठेवायच्या. विचारायचं मात्र कुणीच नाही.

म्हणून नोव्हेंबरात नितीन जेवताना म्हणाला, "आई, तुमच्या मंडळाला ऑर्डर देऊ का?" तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला. थंडीत पहाटेच्या आरतीला जाणाऱ्या भाविकांचे पाय गारठतात, हॉटेलनं प्रत्येक पाहुण्याला एकेक जोड भेट द्यायचा, अशी मालकांची कल्पना होती. सगळे एकसारखे, साईरंगी, म्हणजे भगवे.

"आता बघ, आता कामाचं झालं," विमलबाई यशोधराला म्हणाल्या.

मंडळालाही हुरूप आला. रोहिणीला तर जास्तच. ती ब्लाउज शिवून घर चालवायची, तिला चार पैसे हवेच होते. विमलबाईंनी सगळं अंगावर घेतलं. अंगणवाडीत त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं, पोरांची वजनं घ्यायची, उंच्या घ्यायच्या, वरचे साहेब तपासायला यायच्या आत आपणच तपासायचं. त्यांनी पुठ्ठ्याचा पाय कापला. प्रत्येक मोजा त्या पुठ्ठ्यावर चढवायच्या. बसला तर डावीकडे, नाही तर उजवीकडे.

त्या महिन्यात विषय कुणी दिला नाही. पुढच्या महिन्यातही नाही. शेंगांची परात आत गेली, कारण हात तेलकट होतात आणि भगव्यावर डाग पडतो. सगळ्या खाली मान घालून विणायच्या, आणि आबासाहेब पडद्यातून डोकावून म्हणायचे, "आज फार शांत हाय! कुणी गेलं का काय?"

एका शनिवारी धनश्रीचा मोजा पुठ्ठ्यावर बरोबर बसला, पण खाली काहीतरी वेगळं दिसलं. विमलबाईंनी चष्मा वर सारून पाहिलं. टाचेखाली तिनं एक बारीक हिरवी रेघ घातली होती.

"हे काय?"

"कुनाला दिसतंय मावशी तिथं. चपलेत जातंय ते. आपली गंमत."

"सगळे सारखे हवेत गं. हॉटेलात द्यायचेत." आणि बोलता बोलता त्यांनी टोक ओढून मोजा घोट्यापर्यंत उसवला. धागा सरसर निघाला. धनश्रीनं आपल्या सुया गोळा केल्या, रबर लावलं, पिशवीत ठेवल्या. "पेरूचा तोडा हाय," म्हणाली आणि गेली. पुढच्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

ऑर्डर वेळेत पूर्ण झाली. मालक खूश. नितीन पेढे घेऊन आला आणि म्हणाला, आता याच्या दुप्पट हवेत, शिवाय दुसऱ्या हॉटेलानंही विचारलंय. विमलबाईंनी पेढा तोंडात टाकला. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्या मनात आलं ते एवढंच, की आणखी दोन महिने शनिवारी तिथं जाऊन बसायचं.

त्या रात्री भाकरी करताना यशोधरा सहज म्हणाली, "आई, तुम्ही पूर्वी शनिवारी घरी येऊन आम्हाला मोज्यांच्या गमती सांगायचात. आता नाही सांगत."

"गमती होत नाहीत गं आता."

दुसऱ्या दिवशी त्या शेअर रिक्षानं धनश्रीच्या वस्तीवर गेल्या. धनश्री बागेच्या कडेला बसून पेरू निवडत होती, मोठे एका क्रेटमध्ये, लहान दुसऱ्यात, डागी तिसऱ्यात. विमलबाईंना पाहून ती उठली, पदर झटकला, पाणी आणलं. काही झालंच नाही अशी बोलली, सासूच्या गुडघ्याबद्दल, पेरूच्या भावाबद्दल.

"धनश्री, रागावलीस ना?"

"न्हाई ओ मावशी. राग कसला."

"मग येत का नाहीस?"

धनश्रीनं एक पेरू हातात फिरवला आणि कुठल्या क्रेटात टाकावा ते ठरेना तशी तो मांडीवर ठेवला. "घरी सगळ्याचं मापच हाय, मावशी. भाकरी जाड झाली का पातळ, पेरू केवढा, चहात साखर किती. तिथं शनिवारी माझा मोजा कसाबी झाला तरी तुमी सगळ्या हसायच्या. कुनी बोलायचं न्हाई. मला वाटायचं, हितं तरी आपलं कायबी चालतं. आता तिथंबी पुठ्ठा आला." मग तिलाच बोलण्याची लाज वाटली. "तुमी मनावर घेऊ नका. पेरू खावा."

विमलबाईंनी पेरू खाल्ला. गोड होता. ऑर्डर आली तेव्हा आपल्याला एवढा आनंद का झाला, हे त्यांना परत येताना रिक्षात कळत होतं. शनिवारी तिथं बसायला त्यांना कारण मिळालं होतं. नुसतं आवडतं म्हणून कुठं जाऊन बसायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. आणि आपल्याला हवं होतं म्हणून ते कारण आपण सगळ्यांच्या डोक्यावर बसवलं.

"पुढची ऑर्डर मी नाही घेत," त्यांनी नितीनला सांगितलं.

"अगं पण का? लोक हात जोडून मागतात आणि तू..." नितीनला खरंच समजेना. "मग काय फुकट विणत बसणार?"

"हो."

"म्हणजे टाइमपास?"

"तसंच समज," विमलबाई म्हणाल्या. यशोधरानं ताटावरून मान वर केली नाही, पण ती हसत होती हे विमलबाईंना दिसलं.

मंडळात हे इतकं सोपं गेलं नाही. विजयमाला हुश्श म्हणाली, पण रोहिणीचा चेहरा पडला. "तुमचा मुलगा कमावता हाय, मावशी," ती म्हणाली. "तुमाला गंमत परवडती. मला ऑर्डर पाहिजे."

रोहिणीचं काही चुकलं नव्हतं. शेवटी विजयमालानंच तोड काढली. "मग तूच घे ऑर्डर. मंगळवारी-बुधवारी हितं बसा. ज्यांना करायचंय त्या येतील. शनिवार तेवढा मोकळा सोडा." विमलबाईंनी नितीनचा नंबर रोहिणीला दिला आणि पुठ्ठ्याचा पायही दिला. रोहिणीनं आणखी दोघी जोडीला घेतल्या आणि काम नेटानं चालवलं. विमलबाईंपेक्षा ती बोलायला गोड होती, हेही खरं.

धनश्री आली ती न सांगता, शनिवारी, पेरूंची पिशवी घेऊन. शेंगांची परात बाहेर आली.

विषय द्यायची पाळी विमलबाईंची होती. त्यांनी खूप विचार केला होता, तरी सांगताना अडखळल्या. "काम नसलेली दुपार," त्या म्हणाल्या.

"आता हे कसं विनायचं?" विजयमाला ओरडली.

"मला तरी कुठं माहीत?"

महिन्याच्या शेवटी पिशव्या उघडल्या. विजयमालाच्या पांढऱ्याशुभ्र मोज्यावर एकच काळा ठिपका होता, ती माशी. धनश्रीचा मोजा अर्धाच होता, सुया अजून त्यात. "इतकं विनलं आन् झोप लागली," ती म्हणाली. "म्हंजे विषय बराबर झाला." विमलबाईंच्या मोज्यात कसलीच नक्षी नव्हती. विणता विणता त्या कशाचा तरी विचार करत राहिल्या, टाच वळवायचं भानच राहिलं नाही, आणि मोजा माणसाच्या छातीला लागेल एवढा लांब झाला होता. तो धरून विजयमाला उभी राहिली, तरी टोक जमिनीला टेकलं. हसून हसून सगळ्या आडव्या झाल्या.

"आन् तुझा, रोहिणी?"

रोहिणीनं रिकामे हात दाखवले. "मला न्हाई जमला. अशी दुपार मिळालीच न्हाई मला." ती हसतच म्हणाली, पण तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. दोन ऑर्डरी एकदम चालू होत्या, वर ब्लाउज होतेच.

विमलबाईंनी लोकरीचे गुंडे बाजूला सारले. आपली शाल घडी करून भिंतीशी ठेवली. "पड जरा."

"आता? हितं?"

"पड म्हणते ना."

रोहिणीनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं, लाजली, आणि पाय पोटाशी घेऊन सतरंजीवर आडवी झाली. "पाचच मिनिटं," म्हणाली. धनश्रीनं तिच्या पायांवर आपला पदर टाकला आणि मग लक्षात येऊन, पदरासकट तिच्याजवळच सरकून बसली. थोड्याच वेळात रोहिणी घोरायला लागली.

सुयांचा बारीक आवाज तेवढा येत होता. बाहेर एक बाई अस्तर मागायला आली, तर विजयमालानं ओठांवर बोट ठेवून तिला कापडाच्या गठ्ठ्याकडे खूण केली. ती बाई घाबरून चपला काढूनच आत आली, हे पाहून धनश्रीनं तोंडात पदर कोंबायला घेतला, तर पदर रोहिणीच्या पायांवर. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. विमलबाईंनी डोळे वटारले, पण त्यांचेही खांदे हलत होते. त्यांनी मान खाली घातली, नवी लोकर सुईवर घेतली आणि कुठला विषय नसतानाच पहिला टाका घातला.