ठकूबाई बस्ती

भिलाईच्या कारखान्यासाठी बांधलेल्या मोठ्या तळ्याकाठी मासे धरणाऱ्यांच्या दहा-बारा झोपड्या होत्या. त्यांतली पहिली बांधणारा जानराव धीवर दोन वर्षांपासून बेपत्ता होता. अहिवाऱ्याकडे चुनखडीच्या खाणीवर महिनाभराच्या कामाला म्हणून गेला, तो गेलाच. मागून तळ्याचं पाणी चढलं, जुनी जागा बुडाली आणि साऱ्यांनी बिऱ्हाडं तीन मैल पलीकडे हलवली. आता तो आला तरी शोधणार कुठे, या एकाच घोरानं त्याच्या बायकोचा, ठकूबाईचा, जीव अर्धा झाला होता.

अशात ओमप्रकाश नावाचा कारकून वही घेऊन उगवला. सडकेवर बस्तीच्या नावाची पाटी लागायची होती. ठकूबाईचा जीव सुपाएवढा झाला. जानरावाला जन्मात एकच शब्द वाचता येई, स्वतःचं नाव. पाटीवर ते दिसलं की गडी वाट चुकणार नाही.

"बस्ती किसने बसाई?" कारकुनानं विचारलं.

"ह्यांनी. पह्यली झोपडी ह्यांनीच बांधली."

"ह्यांनी यानी कौन?"

इथंच गाडी अडली. नवऱ्याचं नाव बाईनं सरळ घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे तिच्या मनात लहानपणापासून बसलेलं. घ्यायचं तर उखाण्यात, तेही चार बाया अडून बसल्यावर. तिच्या मुलखात, भंडाऱ्याकडे, अशा बाया घरोघरी होत्या. इथल्या शेजारणी छत्तीसगढी नाहीतर तेलुगू. उखाणा कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि जानरावाला त्या नुसतं 'नागपूरवाला' म्हणत. कुणीतरी आग्रह करील म्हणून ठकूबाई एकेकीच्या तोंडाकडे पाहत राहिली. कुणी केला नाही.

"आपका ही नाम लिख देता हूँ," म्हणत कारकून पुढच्या बस्तीकडे चालू लागला.

आठवड्यानं पाटी लागली, 'ठकूबाई बस्ती'. बाया तिला मालकीण म्हणून चिडवू लागल्या. मालकीण कसली, ज्याच्यासाठी पाटी हवी होती त्याचंच नाव तिच्यावर नव्हतं.

दुपारी सारे निजल्यावर ती पाटीपुढे गेली, डोक्यावर पदर घेतला आणि स्वतःलाच म्हणाली, "घे नं वं ठकू, नाव घे."

मग लाजत लाजत घेतलं:

"कारखान्याच्या तळ्यात रोहूची जोडी,
जानरावचं नाव घेते, लागू द्या होडी."

कुणी हसलं नाही. "अजून एक" म्हणून कुणी मागे लागलं नाही. तिला रडू फुटलं.

तेव्हापासून सडकेवर परका माणूस दिसला की ठकूबाई हातातलं काम टाकून पाटीखाली जाऊन उभी राही. तिचं नाव जानरावाला वाचता येणार नव्हतं, पण तोंड तर ओळखेल.